आर्लिसचं नाणं कोणतं

डेल्मर हाकबार्टचं पत्र ऑक्टोबरात आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. ते मी मोठ्या शब्दकोशात ठेवलं. शब्दकोश रोज उघडला जातो, तेव्हा विसर पडणार नाही, असा हिशेब होता. विसर पडलाही नाही. रोज शब्दकोश उघडायचो, पत्र दिसायचं, आणि मला हवा तो शब्द आत्ताच आठवला अशा आविर्भावात मी तो मिटून टाकायचो. घरात बघणारं कुणी नव्हतं, तरीही.

पत्र लहान होतं.

"एमिल, दोन्ही नाणी परत आली. कंपनी म्हणते, अक्षर एकावरही नाही. आता यातलं आर्लिसचं कोणतं ते मला कळत नाही. ते अक्षर बघितलेला माणूस तू एकटाच आहेस. ये आणि सांग. फोन केला असता, पण तू उचलत नाहीस. डेल्मर."

एवढ्यावरून कुणाला काही उमगणार नाही, म्हणून थोडं मागे जायला हवं. मागे जाताना माझा क्रम चुकण्याची शक्यता आहे. जन्मभर मी मॅनिटोवॉकच्या ग्रंथालयात पुस्तकांचे क्रम लावले. आठवणींचा मला कधी नीट लावता आला नाही.

डेल्मर चीजच्या कारखान्यात होता, आणि गेल्या शतकाच्या सुरुवातीची सोन्याची नाणी गोळा करायचा. त्यातही अडीच डॉलरची, पिसांचा मुकुट घातलेल्या सरदाराची, मागे गरुड असलेली. हे नाणं आकारानं शर्टाच्या बटणाहून थोडं मोठं. त्याच्यावरचं चित्र इतर नाण्यांसारखं वर उचललेलं नसतं, सोन्यात खाली खोदल्यासारखं असतं. त्यामुळे बघणाऱ्याची नजर सारखी आत घसरते. पूर्ण संग्रह म्हणजे पंधरा नाणी. चौदा मिळवायला संयम पुरतो. पंधरावं म्हणजे १९११ सालचं, डेन्व्हरच्या टांकसाळीचं. त्याच्यावर गरुडाच्या पायाखालच्या बाणांच्या टोकांपाशी, डावीकडे, 'डी' हे एक अक्षर असतं. तिळाएवढं. आणि त्या साली काही नाण्यांवर ते इतकं पुसट उमटलं, की आहे म्हणावं तर नाही आणि नाही म्हणावं तर आहे.

अशा पुसट अक्षराचं एक नाणं आर्लिसनं, म्हणजे डेल्मरच्या बायकोनं, त्याला लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला दिलं. गोधड्या विकून साठवलेल्या पैशांतून मिलवॉकीच्या नाण्यांच्या प्रदर्शनात जाऊन तिनं ते एकटीनं आणलं होतं. नाणं अर्थातच नाण्यांची पारख करून दर्जाची श्रेणी देणाऱ्या कंपनीनं तपासलेलं होतं, पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद, वर लेबल: साल, श्रेणीचा आकडा, आणि 'डी, पुसट'.

त्या महिन्यात डेल्मर ते आमच्या मंडळात घेऊन आला. आमचं नाणेमंडळ लूथरन चर्चच्या तळघरात भरतं. डबी टेबलाभोवती फिरली, भिंग फिरलं. एकेकानं डोळा बारीक केला, डबी दिव्याखाली तिरकी केली, आणि पुढच्याला दिली.

"अक्षर सुंदर आहे," आमचे अध्यक्ष जीन पाश्के म्हणाले. "फक्त ते लेबलवर आहे."

"डेल्मर, चीजमधली भोकं शोधायची सवय ना तुला? इथेही शोध," आणखी कुणी म्हणालं.

"टोपी घातली वहिनींना कुणीतरी!"

डेल्मर हसत होता, पण त्याचे कान लाल झाले होते. आर्लिस कॉफीच्या मोठ्या भांड्यापाशी विणत बसली होती. ती वर बघत नव्हती. सुया मात्र थांबल्या होत्या.

डबी शेवटी माझ्याकडे आली. मी टेबलाच्या टोकाला बसतो, तिथे कुणी फार बोलत नाही. मी भिंग लावलं. आणि मला काहीतरी दिसलं.

"आहे," मी म्हणालो. "बाणांच्या डावीकडे. जरा कलतं आहे."

सगळे माझ्याकडे वळले. मी त्या मंडळात कधी मत दिल्याचं कुणाला आठवत नव्हतं, मलाही नाही.

"एमिल म्हणतोय म्हणजे असणारच," जीन म्हणाले. "तो तर घड्याळात किती वाजले तेसुद्धा दोनदा बघून सांगतो."

आर्लिस उठली, तिनं माझ्यापुढे कॉफी ठेवली आणि खजुराच्या वड्यांचा अख्खा डबाच सरकवला. "घ्या, मिस्टर येलिनेक. तुमच्या डोळ्यांना."

हे सगळं मला लख्ख आठवतं. वड्यांवरची पिठीसाखरही आठवते. आठवत नाही ते एवढंच, की मला दिसलं ते काय होतं. काहीतरी होतं, हे नक्की. पण 'काहीतरी' आणि 'डी' यांच्यात किती अंतर असतं, हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं आणि आजही नाही.

आर्लिस गेल्या मार्चमध्ये गेली.

उन्हाळ्यात डेल्मरनं डब्या फोडायला सुरुवात केली. आमच्या लोकांत ही एक खोड आहे. डबी फोडली की श्रेणी गेली, लेबल गेलं, नाणं पुन्हा नुसतं नाणं होतं. तरी फोडतात. तपासणाऱ्याचं त्या दिवशी डोकं दुखत असेल, पुन्हा पाठवलं तर आकडा एकानं वर जाईल, अशी आशा असते. कधी जातोही. मी आजवर एकही डबी फोडलेली नाही. त्यात सचोटी वगैरे काही नाही, माझी छाती होत नाही. डेल्मरलाही आकड्याची पर्वा होती असं मला वाटत नाही. घर शांत झालं होतं आणि पक्कड चालवली की आवाज व्हायचा.

एका संध्याकाळी त्यानं स्वयंपाकघरातल्या टेबलावर आर्लिसचा ताटं पुसायचा टॉवेल पसरला आणि १९११ ची दोन्ही नाणी काढली. एक त्याचं स्वतःचं, जुनं, फिलाडेल्फियाचं, ज्याच्यावर अक्षर असायचं कारणच नाही. दुसरं आर्लिसनं दिलेलं. दोन्हींची श्रेणी एकच, सोन्याची किंचित लालसर छटाही एकच. दोन्ही डब्या फोडल्या, नाणी टॉवेलवर शेजारी शेजारी ठेवली. तेवढ्यात ओव्हनची घंटी वाजली. आत पिझ्झा होता. गरम ताट धरायचे जाड हातमोजे कुठे असतात हे आर्लिसला माहीत होतं, डेल्मरला नव्हतं. त्यानं टेबलावरचा टॉवेल ओढला.

नाणी लाकडावर घरंगळली. एक मिरपुडीच्या डबीला अडून थांबलं, दुसरं टेबलाच्या कडेला. पिझ्झा खाली ठेवून तो परत आला, तोवर कोणतं कुठून गेलं हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

मग त्यानं अंदाजानं एक उचललं, त्याच्या पाकिटावर 'डी' लिहिलं आणि दोन्ही कंपनीकडे पाठवली. दोन्ही नव्या डब्यांत परत आली. दोन्ही लेबलांवर १९११, दोन्हींवर तोच आकडा, आणि अक्षराचा उल्लेख एकावरही नाही. फरक फक्त खाली छापलेल्या नोंदणीच्या क्रमांकात.

आणि मग मला पत्र.

मी उत्तर लिहायला बसलो नाही असं नाही. 'प्रिय डेल्मर' पर्यंत बऱ्याचदा पोचलो. पुढे 'मला दिसलं होतं ते' असं लिहायचो आणि थांबायचो. त्याच्या घरी गाडीनं जायला वीस मिनिटंही लागत नाहीत. पण गेलो आणि दोन्हींत काहीच दिसलं नाही तर? आणि दोन्हींत दिसलं तर? मला दुसऱ्याचीच जास्त भीती वाटायची.

नोव्हेंबरची बैठक हरणांच्या शिकारीच्या आठवड्यात आली. निम्मं मंडळ भगवे कोट घालून जंगलात गेलं होतं. मी मुद्दाम गेलो. डेल्मरला शिकारीचा नाद आहे, तो येणार नाही अशी माझी समजूत होती. तो आला होता. हडकला होता. शर्टाची इस्त्री त्यानं स्वतः केली असावी, कारण ती फक्त पुढून होती.

"माझं पत्र पोचलं का?" त्यानं विचारलं.

"पोचलं."

"बरं," तो म्हणाला, आणि पलीकडे जाऊन बसला.

जीन पाश्के यांनी त्याची हकिगत ऐकली आणि हात चोळले. "सोपं आहे. खेळ लावू या."

हा आमचा नेहमीचा खेळ आहे. डब्यांवरची लेबलं चिकटकागदानं झाकायची, नाणं सगळ्यांनी बघायचं आणि श्रेणी ओळखून चिठ्ठीवर लिहायची. जिंकणाऱ्याला चांदीचा एक जुना डॉलर मिळतो. या वेळी जीननी एका डबीवर लाल कागद लावला आणि एकीवर निळा. आर्लिसचं कोणतं, एवढंच लिहायचं.

"मतदान करून बायकोचं नाणं ठरवायचं!" डेल्मर म्हणाला. "आता मला सगळं बघायला मिळालं."

"मग तू ओळख."

"ओळखता आलं असतं तर तुझ्या तोंडाकडे बघत बसलो असतो का?"

भिंग फिरलं. लोकांनी श्वास रोखले, डबी वरखाली केली. चिठ्ठ्या एका कॉफीच्या डब्यात जमा झाल्या आणि जीननी त्या एकेक मोठ्यानं वाचल्या. लाल. निळा. निळा. लाल. "दोन्हीवर आहे" अशी एक निघाली. एकीवर "उरलेला भोपळ्याचा पाई कोण नेतंय?" असं होतं. शेवटी लाल आणि निळा बरोबरीत आले. आणि एक चिठ्ठी कोरी निघाली.

"हे कुणाचं पांडित्य?" जीननी ती उलटसुलट करून दाखवली.

बाहेर गाड्यांपाशी डेल्मरनं मला गाठलं. सरोवरावरून धुकं आलं होतं आणि त्याच्या तोंडातून निघणारी वाफ त्यात मिसळत होती.

"कोरी चिठ्ठी तुझी."

"हो."

"मग पत्रही कोरंच पाठवायचंस. तिकीट लावून. मला निदान पेटी उघडल्याचं समाधान मिळालं असतं."

मी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. काय, ते आठवत नाही. बहुधा वाक्य पूर्ण झालं नसावं.

"शनिवारी ये," तो म्हणाला. "बेव्ह आलेली असेल. मी घर सोडतोय एमिल. मॅडिसनला, तिच्याकडे. बाकीची सगळी नाणी विकतोय. शिकागोचा माणूस थँक्सगिव्हिंगनंतरच्या बुधवारी येणार. त्याला पंधराचा संच नको, म्हणजे पंधरा आता नाहीतच. चौदाचा चालेल म्हणतो. पण चौदात एक १९११ हवं. एक त्याला द्यायचं, एक मी ठेवणार. फक्त आर्लिसचं ठेवायचंय. दुसरं काही नको."

शनिवारी मी गेलो. बेव्ह ही त्याची एकुलती मुलगी. ती स्वयंपाकघरात वर्तमानपत्रात कपबश्या गुंडाळत होती. सगळीकडे खोकी. टेबलावर, ज्या टेबलावर हे घडलं त्याच्यावर, दोन्ही डब्या पडल्या होत्या आणि शेजारी एक काचेची बरणी होती. बरणीत प्लॅस्टिकचे तुकडे.

"मिस्टर येलिनेक, तुम्हीच समजवा यांना," बेव्ह मला बघताच म्हणाली. "मी म्हणते, दोन्ही ठेवा ना! शिकागोवाल्याला तेराच द्या. थोडे पैसे कमी येतील, त्यात काय झालं?"

"माझं लग्न एकाच बाईशी झालं होतं," डेल्मर म्हणाला.

"बाबा, ही नाणी आहेत."

"दोन्ही ठेवली म्हणजे रोज सकाळी मला माझीच लाज वाटणार. बाजूला परकी बाई बसलीय आणि मला माझी ओळखू येत नाही. असं कसं जगायचं?"

बेव्हनं माझ्याकडे बघितलं. मी बरणीकडे बघितलं. दुसरीकडे कुठे बघायचं ते सुचेना.

"त्या जुन्या डब्या, लेबलांसकट," डेल्मर म्हणाला. त्यानं बरणी हलवली. आतून वाळक्या शेंगांसारखा आवाज आला. "मूर्खपणा बघ एमिल. ते सोनं तिनं कधी हातात घेतलंच नाही. कुणीच घेत नाही. मिलवॉकीहून येताना बसमध्ये मांडीवर धरून आणली ती डबी. तिनं पुसली ती डबी. लग्नाच्या वाढदिवसाला लाल फीत बांधली ती डबीला. आणि मी काय केलं? डबी फोडली आणि आतलं ठेवलं."

"मग ही बरणीच ठेव ना," मी म्हणालो. मला वाटलं मी चांगलं बोललो.

त्यानं बरणी खाली ठेवली. "कचरा मॅडिसनला नेऊ?"

"बाबा!"

"तसं नाही," मी म्हणालो, आणि कसं ते मला सांगता येईना.

बेव्हनं जुन्या फोटोंचं खोकं आणलं. त्यात लग्नाच्या त्या वाढदिवसाचा एक फोटो होता, आर्लिस डबी कॅमेऱ्यासमोर धरून हसते आहे असा. बेव्हनंच काढलेला. आम्ही तिघं त्याच्यावर वाकलो. आर्लिसचा अंगठा अगदी स्पष्ट आला होता, नखाशेजारी सुईचा ओरखडाही दिसत होता. डबीच्या जागी फ्लॅशचा एक पांढरा गोळा होता.

"माझंच कौशल्य," बेव्ह म्हणाली.

डेल्मरनं तो फोटो बराच वेळ धरून ठेवला. मग त्यानं दोन्ही डब्या उचलून माझ्या कोटाच्या खिशात टाकल्या. एकाच खिशात.

"घेऊन जा. तुझ्या घरी, तुझ्या दिव्याखाली बघ. इथे तुला धड बघता येत नाही, आम्ही तुझ्या तोंडाकडे बघत बसतो. बुधवारच्या आत सांग."

"आणि नाही कळलं तर?"

"तर शिकागोवाला नाणं उडवून ठरवेल. त्यालाही गंमत वाटेल."

घरी आल्यावर मी वाचायच्या टेबलावर दोन्ही डब्या ठेवल्या, दिवा ओढला, भिंग काढलं. मला आधीच सांगायला हवं होतं की गेल्या वर्षी माझ्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे. आता मला जग पूर्वीपेक्षा निळं दिसतं. तळघरात ज्या डोळ्यांनी मी ते अक्षर बघितलं, ते डोळे एका अर्थानं राहिलेच नव्हते. साक्षीदार बदललेला असताना साक्ष कशी घ्यायची?

पहिल्या संध्याकाळी मला डावीकडच्या नाण्यावर अक्षर दिसलं. खात्रीनं. मी कागदावर लिहिलं: "डावं: आहे. उजवं: नाही." मग चहा करायला गेलो. परत येताना मला सुचलं की डबीचा क्रमांक लिहायला हवा होता. आणि चहा ठेवायला जागा करताना मी डब्या सरकवल्या होत्या की नव्हत्या, हे मला आठवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजवीकडच्या नाण्यावर दिसलं. क्रमांक लिहिला. दुपारी त्याच क्रमांकाच्या नाण्यावर काही नव्हतं. गरुडाच्या पायाखाली नुसतं सपाट, शांत सोनं. मी दिवा बदलला. खिडकीपाशी गेलो. स्नानघरात आरशावरच्या दिव्याखाली उभा राहिलो आणि चुकून आरशात बघितलं. हातात भिंग घेतलेला, एक डोळा मिटलेला म्हातारा तिथे उभा होता. तो काही शोधतो आहे की काही लपवतो आहे, हे त्याच्याकडे बघून सांगता आलं नसतं.

पुस्तकं काढली. नाण्यांची माझ्याकडे बरीच आहेत. त्यांत मोठे केलेले फोटो आहेत, त्या अक्षराचे, पुसट आणि ठळक. ते बघून नाण्याकडे वळलं की प्रत्येक नाण्यावर ते दिसायचं. मी खिशातलं साधं पाच सेंटचं नाणं काढून बघितलं तर त्याच्यावरही डी होता. तो खरोखरच होता. पण त्यानं माझा धीर आणखीच खचला.

थँक्सगिव्हिंगला भाचीकडे गेलो. टर्की खाताना ती म्हणाली, "मामा, तुम्ही चमच्याकडे असं का बघताय?" मी म्हणालो, काही नाही.

शनिवारी सकाळी उठलो तर रात्रीत बर्फ पडलेलं. पहिलंच. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरचं अंगण पांढरं झालं होतं आणि उजेड वरून येण्याऐवजी खालून येत होता, छतावर पडत होता. मी कॉफी ठेवली. टेबलावर कालचं वर्तमानपत्र पसरलेलं होतं, त्याच्यावर एकीवर एक ठेवलेल्या डब्या. पत्र काही आता होत नाही, बुधवारी शिकागोवाला नाणं उडवणार, असं मी मनाशी मान्य करून टाकलं होतं. खरं सांगायचं तर हलकं वाटत होतं.

वर्तमानपत्र उचलण्यासाठी मी वरची डबी बाजूला करायला हातात घेतली. भिंग नव्हतं. चष्माही कपाळावर होता. हातात घेताना ती कलली, आणि खालून येणाऱ्या त्या उजेडात बाणांच्या डावीकडे एक सावली उभी राहिली. तिळाएवढी. कलती. तळघरात दिसली होती तशीच. मला एकदम खजुराच्या वडीची चव आली.

मी हललो नाही. डबी थोडी तिरकी केली, सावली गेली. परत आणली, परत आली.

आता पुढचं मी जपून केलं. ती डबी मी खाली ठेवली नाही. कॉफी उतू गेली, तिचा जळका वास आला, तरी ठेवली नाही. डाव्या हातात ती धरून उजव्या हातानं चिकटकागदांचा गठ्ठा शोधला. दातांनी एक पिवळा कागद सोडवला आणि डबीवर लावला. मग तशीच धरून टेबलाशी बसलो. एका हातानं लिहिताना कागद सरकतो, म्हणून शब्दकोश आणून त्याच्या कडेवर ठेवला. त्यातून डेल्मरच्या पत्राचं टोक बाहेर आलेलं होतं.

"प्रिय डेल्मर, पिवळा कागद लावलेलं आर्लिसचं. मला अक्षर दिसलं. बाणांच्या डावीकडे, जरा कलतं. उशिराबद्दल क्षमस्व. एमिल."

परत वाचलं नाही. माझा स्वभाव मला माहीत आहे. 'दिसलं' च्या आधी 'बहुधा' घातलं असतं, मग 'कदाचित', आणि दुपारपर्यंत ते पत्र पुन्हा शब्दकोशात गेलं असतं.

मौल्यवान नाणी टपालानं पाठवायची आमची एक रीत आहे. पुठ्ठ्याच्या लहान खोक्यात घालायचं, आणि खोक्याच्या प्रत्येक जोडावर पाणी लावून चिकटणारी तपकिरी कागदी पट्टी लावायची. साधी चकाकणारी पट्टी चालत नाही, तिच्यावर टपालाचा शिक्का उमटत नाही. कागदी पट्टीवर शिक्का अर्धा पट्टीवर, अर्धा खोक्यावर मारतात. मग कुणी उघडलं तर कळतं. डेल्मरच्या घरी स्वतः नेऊन देता आलं असतं. पण मग त्यानं विचारलं असतं, "नक्की?" आणि माझ्या तोंडानं काय उत्तर दिलं असतं याची मला खात्री नव्हती. पत्राला कुणी उलट विचारत नाही.

पट्टी ओली करताना पहिली शंका आली. ती सावली प्लॅस्टिकवरच्या ओरखड्याची असली तर? नवी डबी, तरी खिशात दोन्ही एकत्र होत्या, एकमेकींवर घासल्या असणार. मी शेवटचा जोड चिकटवला.

गाडीत दुसरी शंका आली. मला दिसावंसं वाटलं म्हणून दिसलं नसेल? आणि मुळात त्या दिवशी तळघरातही, सुया थांबलेल्या होत्या म्हणूनच... सिग्नल हिरवा झाला होता. मागच्यानं भोंगा वाजवला. डावीकडे वळलो असतो तर घर होतं.

टपाल कार्यालयात खिडकीवर डारला होती. ती ग्रंथालयात रहस्यकथा न्यायला यायची, आणि शेवटचं पान आधी वाचायची.

"या एमिल, बर्फात बाहेर? आत काय? फुटणारं, सांडणारं, कुजणारं काही?"

"दोन नाणी. आणि एक पत्र."

"नोंदणी करून?"

"हो."

तिनं खोकं फिरवून सगळे जोड बघितले, अंगठ्यानं दाबले. "छान चिकटवलंय. तुम्ही नाणेवाले सगळे असेच. किंमत सांगा, विम्यासाठी. दोन्ही सारखीच लिहू?"

मागे रांग होती. कुणाच्या तरी बुटांवरचं बर्फ वितळून फरशीवर पाणी झालं होतं. मी खोक्याकडे बघितलं. आता ते बाहेरून नुसतं खोकं होतं, आतलं कोणतं कुठे हे मलाही दिसत नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "त्यातलं एक बरंच महाग आहे."

"एवढं का?"

"त्याच्यावर एक अक्षर आहे."

डारलानं आकडा विचारला, मी सांगितला, तिनं लिहिला. मग तिनं गोल शिक्का उचलला आणि एकेका जोडावर मारत गेली, अर्धा पट्टीवर, अर्धा पुठ्ठ्यावर. खोकं मागच्या जाळीच्या कपाटात ठेवलं आणि किल्ली फिरवली.